फवारणी कमी करणाऱ्या संशोधनाला सरकारी अनुदान: पहिला प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी

दर उन्हाळ्यात दोन-चार तरुण मंडळी प्रस्तावाचा मसुदा घेऊन माझ्याकडे येतात. कुणी कृषी महाविद्यालयात नुकतेच रुजू झालेले सहायक प्राध्यापक असतात, कुणी जैविक कीडनाशकांचा लहानसा उद्योग काढू पाहणारे, कुणी पीएचडीचे विद्यार्थी. मसुद्याच्या पहिल्याच पानावर ‘सुरक्षित’, ‘शाश्वत’, ‘पर्यावरणपूरक’ हे शब्द पाच-सहा वेळा आलेले असतात. मी पेन्सिलने प्रत्येक ‘सुरक्षित’भोवती गोल काढते आणि विचारते, कुणासाठी सुरक्षित? आणि ते मोजणार कसं? बहुतेक वेळा तिथूनच प्रस्ताव नव्याने लिहायला घ्यावा लागतो.

हा प्रश्न मला २०१७ सालाने शिकवला. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. कपाशी उंच वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली असत. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशी पोखरली. ज्या बीटी वाणांवर भिस्त होती त्यांतल्या अळी मारणाऱ्या दोन्ही जनुकांना ती अळी तोवर सरावली होती. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: कीड किती मेली एवढंच मोजणारा प्रस्ताव अर्धा आहे. पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाचं काय झालं, हेही त्यात आकड्यांत दिसलं पाहिजे.

आधी शेत, मग संगणक

अनुदानाची जाहिरात पाहून विषय शोधू नका. विषय आधी असू द्या. त्यासाठी एक पूर्ण हंगाम, निदान ऑगस्ट ते ऑक्टोबर, दर आठवड्याला एकाच गावात जा.

कपाशीचंच उदाहरण घेते, कारण ते मला जवळचं आहे. फुलं लागली की डोमकळ्या शोधा. डोमकळी म्हणजे नीट न उमललेलं फूल. पाकळ्या मिटलेल्या गुलाबासारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात, कारण आतल्या अळीने त्या धाग्याने बांधलेल्या असतात. पुढे बोंडं धरली की वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं तोडा आणि एकेक अंगठ्याने दाबून फोडा. बाहेरून बोंड टवटवीत असतं. अळी लहान असतानाच आत शिरते आणि तिच्या मागे छिद्र बुजून जातं. आत मात्र सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळट पडलेला दिसतो. वीसपैकी दोन बोंडांत अळी सापडली की नुकसानीची पातळी गाठली गेली असं धरतात. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग पडले तरी तोच इशारा.

आता ज्याच्या शेतात उभे आहात त्याला विचारा: शेवटची फवारणी कधी केली, आणि काय पाहून केली? ‘शेजाऱ्याने केली म्हणून’, ‘दुकानदाराने सांगितलं म्हणून’ ही उत्तरं तुमच्या वहीत जशीच्या तशी लिहून घ्या. अळी बोंडाच्या आत आहे, औषध बोंडाच्या बाहेर पडतंय, आणि दोन्हींच्या मध्ये एक माणूस पंप घेऊन उभा आहे. संशोधनाचा प्रश्न या तिघांच्या मधल्या जागेत असतो. फवारणी रोजंदारीवर करणाऱ्या मजुराशी आणि त्याला पाणी आणून देणाऱ्या बाईशीही बोला. शेतमालकाला जे माहीत नसतं ते त्यांना माहीत असतं: कोणतं औषध अंगावर पडलं की डोळे चुरचुरतात, कोणता पंप पाठीवर गळतो.

मग वाचनाला बसा. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर मिळतात, इतर विद्यापीठांचे ‘शोधगंगा’वर. महाराष्ट्रात २००९पासून क्रॉपसॅप या प्रकल्पातून कीड-रोगांचं सर्वेक्षण होतं, त्याची तुमच्या जिल्ह्याची जुनी माहिती मागून घ्या. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मसुद्यांतलं काम अकोल्याच्या, राहुरीच्या किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात पंधरा वर्षांपूर्वी झालेलं असतं. समितीतल्या एखाद्या सदस्यानेच ते केलेलं असण्याचीही शक्यता असते.

तुम्ही कोण, त्यावर दार ठरतं

नवख्यांचा सर्वाधिक वेळ इथे वाया जातो. अर्ज उत्तम असतो, पण दार चुकीचं.

महाविद्यालयात, विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत नियमित पदावर असाल तर पहिलं दार अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचं. २०२३च्या कायद्याने हे उभं राहिलं आणि आधीचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) त्यात विलीन झालं. नव्याने रुजू झालेल्यांसाठी तिथे वेगळी योजना आहे, तिच्या वयाच्या आणि सेवेच्या अटी नीट वाचा. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग विषयवार प्रस्ताव मागवतो, त्यामुळे त्याच्या संकेतस्थळावर महिन्यातून एकदा तरी फेरी मारावी. राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. स्थानिक प्रश्न मांडणाऱ्यांनी तो विसरू नये.

उत्पादन बाजारात आणायचं असेल, म्हणजे बुरशीजन्य कीडनाशक, ल्युर (सापळ्यातलं कामगंधाचं आमिष), सापळा, पंपाचं नोझल असं काही, तर बायरॅकचं, म्हणजे जैवतंत्रज्ञान विभागाच्या उद्योगांना मदत करणाऱ्या संस्थेचं, बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट पाहा. त्यात ५० लाखांपर्यंत रक्कम आणि साधारण १८ महिने मिळतात. अर्ज एखाद्या भागीदार इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत, जातो. पुण्यात व्हेंचर सेंटर हे काम करतं. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतल्या कृषी-उद्योजकता कार्यक्रमात कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि पुढच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत मदत मिळू शकते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं इन्क्युबेटर त्या साखळीत आहे. इथे काही हिस्सा स्वतःचा घालावा लागतो, त्याची तयारी आधीच ठेवा.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांना सहसा मुख्य संशोधक म्हणून अर्ज करता येत नाही. तुमच्यासाठी छात्रवृत्ती आहेत. महाराष्ट्रात सारथी, महाज्योती, बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांच्याही आहेत. प्रकल्प गाइडच्या नावावर लिहा आणि त्यातली ज्युनिअर रिसर्च फेलोची जागा रीतसर निवडीने मिळवा.

शेतकऱ्याने स्वतः काही शोधून काढलं असेल तर गुजरातमधलं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन अशा तळागाळातल्या कल्पना नोंदवून पडताळून घेतं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला सोबत घेतलं तर चाचणीला वजन येतं. घरचा दशपर्णी अर्क खरंच काम करतो का, हा प्रश्नही पूर्ण दर्जाचा आहे. त्याला कमी लेखणारे संशोधक मला आवडत नाहीत.

प्रश्न एका वाक्यात लिहा

‘कपाशीतील गुलाबी बोंडअळीचे पर्यावरणपूरक व्यवस्थापन’ हे शीर्षक झालं. याला प्रश्न म्हणता येत नाही, कारण याचं उत्तर हो किंवा नाही असं येऊ शकत नाही.

आता हे पाहा: ‘सापळ्यातले पतंग आणि फोडलेली बोंडं मोजून, पातळी ओलांडली तरच फवारणी केली आणि ट्रायकोग्रामाची कार्डं लावली, तर उत्पादन न घटता हंगामातल्या फवारण्या निम्म्यावर येतात का?’ (ट्रायकोग्रामा हा किडीच्या अंड्यांवर वाढणारा परोपजीवी कीटक. त्याने ग्रासलेली अंडी चिकटवलेली कार्डं शेतात लावतात.) यात काय करणार, कशाशी तुलना करणार, काय मोजणार, सगळं आलं. उत्तर ‘नाही’ आलं तरी शास्त्राला ते हवं आहे. उद्दिष्टं तीनच ठेवा. पाच लिहिली की परीक्षक त्यातली दोन खोडतात, आणि त्यांच्याबरोबर पैसेही जातात.

चाचणीची आखणी: इथे प्रस्ताव तरतो किंवा बुडतो

लहान प्लॉटवरच्या चाचणीत ट्रीटमेंट (तपासायच्या वेगवेगळ्या पद्धती) आणि रेप्लिकेशन (प्रत्येक पद्धत किती प्लॉटवर लावणार) ठरवताना एक जुना हिशोब हाताशी ठेवा. ट्रीटमेंटमधून एक वजा, रेप्लिकेशनमधून एक वजा, दोन्हींचा गुणाकार १२च्या खाली जाऊ नये. सात ट्रीटमेंट आणि तीन रेप्लिकेशन असतील तर सहा गुणिले दोन, बरोबर १२. पाच ट्रीटमेंट असतील तर चार रेप्लिकेशन लागतील. एका ट्रीटमेंटमध्ये काहीच फवारायचं नाही आणि एकीत शेतकरी आज जे फवारतो तेच फवारायचं. ही दुसरी ट्रीटमेंट नवखे विसरतात. तुलना कागदावरच्या शिफारशीशी न होता प्रत्यक्षातल्या वागण्याशी झाली पाहिजे.

पण प्लॉट केवढा हवा, हे पद्धतीवर ठरतं, आणि याच मुद्द्यावर मी सर्वाधिक प्रस्ताव पडताना पाहिले आहेत. बुरशीची फवारणी लहान प्लॉटवर तपासता येते. नराला मादीचा माग लागू नये म्हणून शेतभर कामगंध पसरवण्याची पद्धत मात्र पाच गुंठ्यांवर तपासताच येत नाही. शेजारच्या शेतात मीलन झालेली मादी उडत येते आणि तुमच्या प्लॉटवर अंडी घालते. मग पद्धत चांगली असूनही फसलेली दिसते. ट्रायकोग्रामाचं उलटं होतं. इवलासा परोपजीवी वाऱ्याने शेजारच्या प्लॉटवर जातो, तिथली अंडीही परोपजीवित करतो, आणि तुमचा ‘काहीच न केलेला’ प्लॉट फुकटात सुधारतो. अशा पद्धतींना शिवार किंवा गाव हे एकक धरा. तेव्हा रेप्लिकेशन म्हणजे गाव. एका गावातल्या शंभर झाडांवर मोजणी केली म्हणून शंभर रेप्लिकेशन होत नाहीत.

ट्रायकोग्रामा एकरी किती सोडणार तेही लिहा. बोंडअळीसाठी हेक्टरी दीड लाख, म्हणजे एकरी साठ हजार ही नेहमीची मात्रा आहे. कार्डं कुठून येणार आणि शेतात लावण्याआधी त्यांतून किती टक्के कीटक बाहेर पडतात हे कसं तपासणार, हेही दोन ओळींत येऊ द्या. जैविक बुरशीचं पाकीट असेल तर त्यातले जिवंत बीजाणू स्वतः मोजा. बिव्हेरिया आणि मेटाऱ्हायझियम या कीड मारणाऱ्या बुरशींना ग्रॅममागे किमान १ × १०^८ सीएफयू, म्हणजे वाढू शकणारे जिवंत बीजाणू, हा निकष आहे. उन्हात पडून राहिलेल्या पाकिटावर घेतलेल्या चाचणीने बुरशीची बदनामी होते आणि दोष असतो साठवणुकीचा.

मित्रकीटक जरूर मोजा. पश्चिम महाराष्ट्रात २००२च्या सुमारास उसावर लोकरी माव्याने थैमान घातलं, तेव्हा तो आटोक्यात आणण्यात डिफा आणि मायक्रोमस या भक्षकांचा मोठा वाटा होता. फडात ते दिसत असताना जो फवारत सुटला, त्याने मारले ते आपलेच राखणदार.

‘सुरक्षित’ मोजायची वही

पेन्सिलचा गोल आठवा. त्याचं उत्तर देताना मी प्रस्तावात या नोंदी मागते: हंगामात किती फवारण्या झाल्या, एकरी किती ग्रॅम क्रियाशील घटक पडला, डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा होता, आणि माणूस किती तास पंप घेऊन उभा होता. त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. ही नोंद ठेवायला यंत्र लागत नाही. रिकामे डबे आणि पुड्या एका पोत्यात जमा करायला सांगा आणि दर आठवड्याला पोतं उघडून पाहा. शेतकऱ्याची आठवण चुकते, पोतं चुकत नाही.

मजुरांच्या रक्ताची तपासणी करायची असेल, म्हणजे कोलिनेस्टरेज (काही कीटकनाशकांमुळे रक्तात घटणारं एन्झाइम) वगैरे, तर मानवी संशोधनाच्या नैतिक समितीची परवानगी आधी हवी आणि संघात डॉक्टर हवा. माणसांना नुसते प्रश्न विचारणार असाल तरी त्यांना समजेल अशा मराठीत संमतीपत्र करा.

परवानग्या

कीटकनाशक कायदा १९६८चा आहे आणि जैविक उत्पादनांनाही तो लागू होतो. विकायचं असेल तर नोंदणी केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे होते. जैविक उत्पादनाला कलम ९(३ब)खाली तात्पुरती नोंदणी घेऊन सुरुवात करता येते. नोंदणीसाठी जी विषशास्त्रीय माहिती लागते तिचा खर्च मोठा असतो, तो स्टार्टअपवाल्यांनी पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. परदेशी कीटक आणायचा विचार असेल तर बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोशी बोलल्याशिवाय एक ओळही लिहू नका. पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी २०१०मध्ये परोपजीवी याच ब्युरोमार्फत परदेशातून रीतसर आणवून, विलगीकरणात तपासून सोडला गेला आणि पपईच्या बागा वाचल्या. परदेशी भागीदार असेल तर जैवविविधता कायद्याची परवानगी लागू शकते. जनुकीय काम असेल तर जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते.

पंचांग आणि पैसे

माझ्या पहिल्या प्रकल्पाची मंजुरी वैशाखात आली. पैसे खात्यात पडले तेव्हा दसरा उलटून गेला होता. कपाशी वेचणीला आली होती, आणि माझ्याकडे नवे कोरे सापळे होते. वर्ष गेलं ते गेलंच. तेव्हापासून मी कामाचं वेळापत्रक पहिला महिना, दुसरा महिना असं न लिहिता खरीप आणि रब्बी असं लिहिते. तीन वर्षांच्या प्रकल्पात दोनच खरीप हंगाम हाती लागतील असं धरा. पैसे उशिरा आले तर काय, हेही लिहून ठेवा: पहिल्या रब्बीत हरभऱ्यावरच्या घाटेअळीवर तीच नोंद-पद्धत आजमावता येते, त्या महिन्यांत गावांची पाहणी होते, नेमणुका आणि खरेदी उरकते.

खर्चातला मोठा भाग माणसाचा असतो. ज्युनिअर रिसर्च फेलोला २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढे सीनिअर झाल्यावर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. दोन वर्षांचे ८,८८,००० आणि तिसऱ्या वर्षाचे ५,०४,००० मिळून भत्त्याशिवाय १३,९२,००० होतात. नवखे इथे काटकसर करतात आणि मायक्रोस्कोपवर उधळतात. मायक्रोस्कोप विद्यापीठात आहे. दर आठवड्याला बारा गावांत जाऊन बोंडं फोडणारा माणूस मात्र तुमच्याकडे नाही. त्याच्या प्रवासाचा खर्च कमी धरू नका. सापळे आणि ल्युर त्या मानाने स्वस्त असतात, पण ल्युर ठरावीक दिवसांनी बदलावे लागतात, म्हणून पूर्ण हंगामाचे धरा.

एक ओळ माझ्या आग्रहाखातर घाला: ज्या शेतकऱ्याच्या शेतात ‘काहीच न फवारलेला’ प्लॉट ठेवणार त्याची भरपाई. त्याचं पीक तुमच्या ज्ञानासाठी जाणार आहे. योजनेच्या नियमात ही ओळ कोणत्या शीर्षाखाली बसते ते आपल्या लेखाधिकाऱ्याला आधीच विचारा. लेखा विभागाशी पहिली भेट मंजुरीनंतर होते तिथे पुढची तीन वर्षं जड जातात.

समितीपुढे

सादरीकरणाला मिनिटं मोजकी असतात. देशात कीटकांमुळे किती नुकसान होतं, हे सांगण्यात ती घालवू नका, समोरच्यांना ते पाठ आहे. पहिल्याच स्लाइडवर फोडलेल्या बोंडाचा तुम्ही काढलेला फोटो आणि प्रश्नाचं ते एक वाक्य ठेवा. हमखास विचारतात ते असं: हे आधी झालेल्या कामापेक्षा वेगळं कसं? गावं कशी निवडली? पाऊस लांबला तर? आणि प्रकल्प संपल्यावर हे कोण चालवणार? शेवटच्या प्रश्नाला ‘कृषी विभाग’ असं मोघम उत्तर देऊ नका. तालुका कृषी अधिकाऱ्याशी किंवा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीशी बोलून त्यांचं पत्र जोडा.

नकार आला तर अभिप्राय मागून घ्या, दोन दिवस बाजूला ठेवा, मग वाचा. माझा दुसरा प्रस्ताव दोनदा परत आला. दोन्ही वेळा आक्षेप गावांच्या निवडीवर होता आणि दोन्ही वेळा तो बरोबर होता.

पैसे आल्यावर

हिशोब पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर दिसतो, खरेदी बहुतेकदा जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरून करावी लागते, आणि आर्थिक वर्ष संपलं की जीएफआर १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता थांबतो, आणि हप्ता थांबला की फेलोचा पगार थांबतो. घरचं भाडं त्यावर असतं. म्हणून फेब्रुवारीतच पावत्या लावून घ्या.

शेतातली नोंदवही दोन प्रतींत ठेवा आणि दर शनिवारी तिचे फोटो काढून साठवा. पावसात भिजलेली वही परत लिहिता येत नाही.

पहिल्या हंगामाचे आकडे हातात आले की अहवाल पाठवण्याआधी गावात जा. देवळाच्या ओसरीवर बसून, कोणत्या शेतात किती फवारण्या झाल्या आणि किती कापूस निघाला ते नावं न घेता वाचून दाखवा. तिथे कुणीतरी उठून सांगेल की अमुक तारखेची फवारणी वहीत राहून गेली आहे. ती तिथल्या तिथे लिहून घ्या, पुढे खाडाखोडीवर तारीख टाकून सही करा, आणि मग अहवाल पाठवा.